वयात येणाऱ्या मुलग्यांचे प्रश्न : महाराष्ट्रातील लैंगिक शिक्षणाचा एक अलिखित भाग

महाराष्ट्रातील लैंगिक शिक्षणाचा इतिहास आजवर बहुधा संततिनियमनाच्या चळवळीचा, स्त्रीआरोग्याचा किंवा एड्सप्रतिबंधाचा एक पोटभाग म्हणून सांगितला गेला आहे, आणि त्यामुळे तेरा ते अठरा वर्षे वयाचा मुलगा त्यात स्वतःच्या शंकांसह क्वचितच दिसतो. तो दिसतो तो ज्याला आवरायचे, वळण लावायचे किंवा ज्याच्यापासून इतरांना जपायचे असा कोणी म्हणून. या मुलग्याला शिकवणाऱ्या माणसाकडून काय हवे होते, हा प्रश्न मध्यभागी ठेवला की या इतिहासातील परिचित घटनांचा अर्थ बराच बदलतो. मुलग्यांनी स्वतः लिहून ठेवलेले फारसे उपलब्ध नाही. पण त्यांना काय सांगितले गेले, त्यांच्या भीतीचा व्यापार कसा झाला आणि ज्या थोड्या ठिकाणी त्यांना विचारण्याची मुभा मिळाली तेथे काय विचारले गेले, यांवरून त्यांच्या अपेक्षेचा माग काढता येतो.

पौगंडावस्था, म्हणजे बालपण संपून प्रौढपण येण्यापूर्वीची काही वर्षे, हा आयुष्याचा वेगळा टप्पा म्हणून महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हळूहळू आकाराला आला. तोवर बालविवाहाच्या चालीमुळे शरीर वयात येणे आणि संसाराला लागणे यांत फारसे अंतर नसे. इंग्रजी शिक्षण लांबले, मॅट्रिक आणि पुढे कॉलेजसाठी मुलगे पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत किंवा नातेवाइकांकडे राहू लागले, लग्नाचे वय वाढू लागले, आणि शरीराने प्रौढ पण समाजाच्या दृष्टीने विद्यार्थी असा एक मोठा वर्ग तयार झाला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर महाराष्ट्रात जे रण माजले ते मुलींच्या वयावरून, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षे करावी की नाही यावरून. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा ही विवाहाची किमान वये ठरवली, तेव्हाही चर्चेचा भर मुलीवरच राहिला. तो रास्तच होता, कारण यातना मुलींच्या वाट्याला येत होत्या. परंतु ज्या मुलाचे लग्न आता अठरापर्यंत किंवा त्याही पुढे थांबणार होते त्याला मधल्या वर्षांत स्वतःच्या शरीराविषयी कोण काय सांगणार, याचा विचार त्या वादांत जवळजवळ झालाच नाही.

ही पोकळी भरून काढली ती ब्रह्मचर्यविषयक पुस्तिकांनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मराठीत अशा स्वस्त पुस्तिकांचा मोठा प्रसार झाला, आणि त्यांतील प्रतिपादन पूर्णपणे देशी नव्हते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हे सात धातू, म्हणजे शरीराला धारण करणारे घटक, मानलेले आहेत आणि शुक्र हा त्यांतील अखेरचा व सारभूत. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही लोकांत रुजलेली समजूत याच क्रमाच्या ढोबळ आकलनातून आली. या जुन्या कल्पनेला युरोपातील वैद्यकाची जोड मिळाली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील वैद्य सॅम्युएल तिसो याने १७६० मध्ये फ्रेंच भाषेत हस्तमैथुनावर ग्रंथ प्रसिद्ध करून त्या सवयीमुळे दृष्टी, स्मृती आणि मज्जासंस्था खचते असे ठासून सांगितले होते, आणि पुढे १८३० च्या दशकात फ्रान्समधील लालमां या शल्यवैद्याने अनैच्छिक वीर्यस्रावाला स्वतंत्र रोगाचा दर्जा दिला. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमार्गे ही मते हिंदुस्थानात आली, तेव्हा ती विज्ञान म्हणून आली. आणि परंपरा व विज्ञान दोन्ही एकच सांगत आहेत असे दिसल्यावर त्यांवर शंका घेण्याची हिंमत शाळकरी मुलात कोठून असणार?

राष्ट्रीय चळवळीमुळे या उपदेशाला नैतिक तेजही लाभले. गावोगावच्या तालमी आणि १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्था या काळात शरीरसामर्थ्याचा संबंध देशाच्या सामर्थ्याशी जोडत होत्या, आणि त्यांनी तरुणांच्या आरोग्यासाठी केलेले काम मोलाचे आहे. मात्र ब्रह्मचर्याच्या पुस्तिकांनी याच भावनेचा आधार घेऊन वीर्यनाश म्हणजे देशद्रोहाच्या जवळ जाणारे पाप ठरवले. झोपेत आपोआप होणारा वीर्यस्राव ही वयात आल्याची सामान्य खूण. तिला ‘स्वप्नदोष’ म्हटले गेले, आणि ती टाळण्यासाठी थंड पाण्याचे स्नान, रात्री हलका आहार, लंगोट आणि नामस्मरण असे उपाय सांगितले गेले. उपाय निष्फळ ठरणे अटळ होते, कारण ज्यावर ते योजले होते तो रोगच नव्हता. पण उपाय फसल्याचा दोष मुलगा स्वतःच्या दुबळ्या मनाला देत असे. ज्याला ही भीती असह्य होई त्याच्यासाठी वर्तमानपत्रांत आणि पुढे रेल्वेमार्गाकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘धातुदौर्बल्य’ यांवरील हमखास औषधांच्या जाहिराती तयारच असत. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये वीर्यनाशाच्या भीतीतून येणारा थकवा, चिंता आणि खिन्नता यांना ‘धात सिंड्रोम’ असे नाव देऊन त्याची वैद्यकीय नोंद केली. उत्तर भारतात ‘धात’ आणि महाराष्ट्रात ‘धातू जाणे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या त्रासाचे मूळ शरीरात नव्हते, शिकवणुकीत होते. म्हणजे तरुणांच्या काही पिढ्या चुकीच्या लैंगिक शिक्षणाने आजारी पडल्या होत्या.

या पार्श्वभूमीवर रघुनाथ धोंडो कर्वे यांचे कार्य पाहिले पाहिजे. महर्षी कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, या विषयावरील जाहीर मतांपायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली, आणि जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले, जे १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांनी जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवले. त्यांची ओळख संततिनियमनाचे आद्य प्रचारक अशी रूढ झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांच्या मासिकातील वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा भाग अधिक महत्त्वाचा ठरतो. लोक जे वैद्याला, वडिलांना किंवा मित्रालाही विचारू शकत नसत ते पत्राने विचारीत, आणि कर्वे त्याचे उत्तर गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा थेट, मोजक्या व निर्विकार भाषेत देत. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, हानी होते ती त्याविषयी भरवलेल्या भीतीने आणि अपराधभावनेने, ही त्यांची भूमिका आज सर्वमान्य वैद्यकीय मत आहे. १९३० च्या आसपास मराठीत ती छापणे म्हणजे धर्ममार्तंड, व्यायामप्रेमी, देशभक्त आणि औषधविक्रेते या सर्वांचा रोष एकाच वेळी ओढवून घेणे होते.

तो रोष न्यायालयापर्यंत पोहोचला. १९३१ मध्ये व्यभिचारावरील एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपावरून कर्वे यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मधील दुसरा खटला मात्र येथे अधिक विचारात घेण्यासारखा आहे, कारण त्याचा विषय होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. या खटल्यात कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. लैंगिक विषयावर लिहिणे एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोकांना पडणाऱ्या शंका त्यांनी प्रामाणिकपणे विचारल्या असतील तर त्यांचे निरसन करणे हे त्या विषयाला वाहिलेल्या मासिकाचे कामच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. असे प्रश्न विकृत असतील तर ते छापायचेच कशाला, ही शंका न्यायासनाकडून आली तेव्हा विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, या अर्थाचे उत्तर आंबेडकरांनी दिल्याची नोंद सापडते. खटला हरला गेला आणि कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला.

या निकालाकडे सहसा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पाहिले जाते. पण शिक्षा झाली होती ती उत्तर देण्याला, आणि तेही अशा समाजात जेथे दुसरे कोणी उत्तर देण्यास तयार नव्हते, ही गोष्ट तितकीच गंभीर आहे. न्यायालयासमोर आलेली प्रश्नोत्तरे हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांसारख्या विषयांवरची होती, म्हणजे एखादा तरुण वसतिगृहाच्या खोलीत ज्या गोष्टींनी हैराण होत असे नेमक्या त्याच. ‘समाजस्वास्थ्य’ प्रौढांसाठी होते आणि त्याचा खप कधीच मोठा नव्हता, त्यामुळे शाळकरी मुलांपर्यंत ते फारसे पोहोचले असे म्हणता येणार नाही. तरीही त्याने एक नमुना घालून दिला. विचारणाऱ्याला तोंड दाखवावे लागत नव्हते. उत्तर देणारा मात्र नावानिशी समोर उभा होता, त्याला विषय ठाऊक होता आणि तो विचारणाऱ्याच्या चारित्र्याची चौकशी करीत नव्हता. पुढील नव्वद वर्षांत मुलग्यांशी या विषयावर बोलण्याचे जे जे प्रयत्न साधले, त्या सर्वांत या गोष्टी कोणत्या ना कोणत्या रूपात सापडतात, आणि जे फसले त्यांत यांपैकी एखादी तरी हरवलेली दिसते.

गांधीजींनीही लैंगिक शिक्षणाला सरसकट विरोध केला नव्हता. कामवासनेवर विजय मिळवण्यासाठी दिलेले शिक्षण त्यांना मान्य होते, भोगाला वाव देणारे नव्हते, आणि कुटुंबनियोजनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला त्यांना भेटल्या तेव्हा कृत्रिम साधनांविषयी दोघांचे एकमत होऊ शकले नाही. स्वातंत्र्यानंतरच्या शासकीय शिक्षणावर गांधींच्या या भूमिकेची छाया दीर्घकाळ राहिली, तर कर्वे यांची वाट शाळेबाहेरच्या लोकांनी पुढे नेली. १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कुटुंबनियोजन संघटनेने १९७८ मध्ये लैंगिक शिक्षण, समुपदेशन, संशोधन आणि प्रशिक्षण यांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले, त्यामागे डॉ. महिंदर वत्स यांचा पुढाकार होता, जे अनेक दशके नियतकालिकांतून आणि २००५ पासून ‘मुंबई मिरर’ या दैनिकातून वाचकांच्या शंकांना उत्तरे देत राहिले. मराठीत डॉ. विठ्ठल प्रभू यांचे ‘निरामय कामजीवन’ घरोघरी पोहोचले. मात्र हे सर्व विवाहितांना किंवा विवाहाच्या उंबरठ्यावरील तरुणांना उद्देशून होते, आणि शाळकरी मुलाने असे पुस्तक वाचायचे तर ते कपाटातून चोरूनच वाचावे लागे.

शाळेत या विषयाचा प्रवेश झाला तो मुलांना हवा होता म्हणून नव्हे, राष्ट्रापुढील संकटाचे उत्तर म्हणून. पहिले संकट लोकसंख्येचे होते. १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या साहाय्याने राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्प सुरू झाला, आणि विद्यार्थ्यांना जन्मदर, मृत्युदर व लहान कुटुंबाचे फायदे शिकवले जाऊ लागले. ज्या मुलाचा आवाज फुटला आहे, ज्याला मिसरूड फुटते आहे आणि आपल्या शरीराची वाढ मित्रांइतकी झाली आहे का या चिंतेने जो व्यायामाच्या तासाला कपडे बदलताना संकोचतो, त्याच्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर लोकसंख्येच्या आलेखात नव्हते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील प्रजननाचा पाठ त्याहून जवळचा होता, पण फुलाचे परागण सविस्तर शिकवून मानवी प्रजननाची पाने घरी वाचून येण्यास सांगण्याची प्रथा अनेक शाळांत पडली. मासिक पाळीविषयीच्या व्याख्यानासाठी मुलींना वेगळे बसवले जाई आणि मुलग्यांना मैदानावर सोडले जाई. त्यातून मुलग्यांना दोन गोष्टी न सांगता शिकवल्या जात होत्या : मुलींच्या शरीरात लपवण्याजोगे काहीतरी आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या शरीरात सांगण्याजोगे काही नाही. या दुसऱ्या धड्याचे नुकसान अद्याप पुरेसे मोजले गेलेले नाही.

दुसरे संकट एड्सचे. १९८६ मध्ये देशात एचआयव्हीची पहिली लागण आढळली, महाराष्ट्र लवकरच सर्वाधिक बाधित राज्यांत गणला जाऊ लागला, आणि रोगाच्या भीतीने जे दार उघडले ते विवेकाला आधी उघडता आले नव्हते. २००५ मध्ये केंद्राने पौगंडावस्था शिक्षण कार्यक्रम हाती घेतला, ज्यात शरीरातील बदल, एचआयव्हीप्रतिबंध आणि निर्णय घेण्यासारखी जीवनकौशल्ये यांचा समावेश होता. शिक्षकांसाठीच्या पुस्तिकांमधील चित्रांवरून व मजकुरावरून गदारोळ झाला, आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा अनेक राज्यांनी हा कार्यक्रम थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नसावे आणि विवाहपूर्व संबंध टाळण्याचा संदेश द्यावा अशी भूमिका घेतली. त्या वादात संस्कृती, पाश्चात्य प्रभाव, पालकांचे अधिकार यांवर पुष्कळ बोलले गेले. विद्यार्थ्याला काय विचारायचे आहे हे विचारून पाहण्याची निकड फार थोड्यांना वाटली.

आणि ते विचारून पाहिले गेले तेव्हा उत्तर अस्पष्ट नव्हते. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन काउन्सिल यांनी २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांतील युवकांची जी पाहणी केली, तीत बहुसंख्य तरुण-तरुणींनी असे शिक्षण आवश्यक असल्याचे सांगितले, पण प्रत्यक्षात ते मिळालेल्यांचे प्रमाण अगदी अल्प होते. मुलग्यांच्या मनाचा अधिक बारकावा परदेशी अभ्यासांत मिळतो. २०१६ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा देशांतील पंचावन्न अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार विद्यार्थ्यांची तक्रार अशी होती की शिकवणारे संकोचतात, विषय निव्वळ जीवशास्त्रापुरता ठेवतात, आणि रोज ज्यांच्यासमोर बसायचे त्याच शिक्षकाशी हे बोलणे अवघड जाते. मुलग्यांवर आपल्याला सर्व माहीत आहे असे दाखवण्याचे दडपण असते आणि अज्ञान उघडे पडू नये म्हणून ते वर्गात थट्टा व गोंधळ करतात, हे त्यातील निरीक्षण विशेष लक्षात ठेवावे असे आहे. मागच्या बाकावरून येणारे खिदळणे शिक्षकाला उद्धटपणाचे वाटते आणि तो तास आटोपता घेतो. वास्तविक त्या क्षणी मुलगा घाबरलेला असतो. शिक्षकाने तेव्हा रागावू नये आणि संकोचूही नये, एवढी साधी अपेक्षा या सर्व अभ्यासांच्या तळाशी आहे.

महाराष्ट्रात ही अपेक्षा ओळखून काम झाले ते मुख्यतः स्वयंसेवी संस्थांत. १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ म्हणजेच ‘मावा’ या संस्थेने स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पुरुषांनीच उभे राहावे या हेतूने काम सुरू केले, आणि ते करता करता महाविद्यालयीन मुलग्यांशी पुरुषपण, नकार, मैत्री व शरीर यांविषयी बोलण्याची पद्धत घडवली. ‘पुरुष स्पंदनं’ या तिच्या दिवाळी अंकाने मराठी पुरुषांना स्वतःविषयी लिहिते केले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी मुलगे व मुली यांना एकत्र बसवून तीच माहिती दिली, जी शाळेने वेगळे बसवूनही दिली नव्हती. मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत २००८ पासून राबवल्या गेलेल्या ‘जेम्स’ या उपक्रमात सहावी-सातवीच्या मुलांशी लिंगभाव आणि हिंसा यांवर चर्चा झाल्या. अशा कार्यशाळांत प्रश्नपेटी ठेवण्याची रीत रूढ झाली : चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न लिहायचा, आणि प्रशिक्षकाने सर्वांसमोर, एकही चिठ्ठी बाजूला न सारता उत्तर द्यायचे. ‘समाजस्वास्थ्य’च्या पानांवर टपालाने जे घडत होते तेच येथे वर्गात घडू लागले, फक्त उत्तर देणारा आता मुलांना दिसत होता आणि एका उत्तरातून पुढचा प्रश्न लगेच विचारता येत होता.

दरम्यान मोबाइल आणि स्वस्त इंटरनेट यांनी प्रश्नांचे स्वरूप पालटले. हस्तमैथुन व वीर्यनाश यांची जुनी भीती गेली नाही, जाहिराती भिंतीवरून पडद्यावर आल्या. पण तिच्याजोडीला अश्लील चित्रफितींत दिसणारी शरीरे आणि वर्तन खरे मानून त्यांच्याशी स्वतःची तुलना करण्याची, तसेच संमती कशी ओळखावी, नकार कसा पचवावा, मुलीऐवजी मुलाविषयी आकर्षण वाटले तर काय, या शंकांची भर पडली. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील सर्वांचे संरक्षण केले, त्यात मुलगेही आले; मुलग्यांवरही अत्याचार होतात हे कायद्याने मान्य केले, तरी ते कोणाला सांगावे हे त्यांना बहुतेक शाळांत शिकवलेले नसते. आयुष्मान भारत योजनेखालील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि अकरा विषयांत प्रजनन आरोग्य व इंटरनेटचा सुरक्षित वापर यांचाही अंतर्भाव आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात मानवी प्रजनन व पाळी यांची माहिती स्पष्ट भाषेत आली आहे. मात्र आरोग्यदूत म्हणून पुरुष शिक्षकाची निवड करताना रिकामे तास कोणाकडे आहेत हे पाहायचे, की न लाजता, न रागावता आणि न उपदेश करता बोलणे कोणाला जमते हे पाहायचे, याचा निर्णय आजही प्रत्येक मुख्याध्यापकाच्या हाती आहे.